बुरखा शिवायला घेताना

बुरखा शिवायला येतो तेव्हा बहुतेक वेळा कापड आधी येतं. सोबत नवरा असतो, नाही तर सासू, नाही तर धाकटा भाऊ, आणि पिशवीत मापाला म्हणून एक जुना बुरखा. "याच्याच मापाचा करून द्या, शुक्रवारी नेतो." जिला तो घालायचा ती त्या वेळी घरी भाकरी थापत असते. शिवणकाम नव्यानं सुरू केलेल्या बहिणींनो, असं कापड ठेवून घेऊ नका. पिशवी परत द्या आणि सांगा, तिला पाठवा. गिऱ्हाईक तुटेल म्हणून जीव घाबरतो, माझाही घाबरायचा. पण दोन-चार दिवसांत ती बाई येतेच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावात २६ वर्षांपासून शिवते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, आणि आमच्या मोहल्ल्यातले बुरखे. माझे अब्बा मण्यार होते, सायकलला बांगड्यांची पेटी बांधून गावोगाव फिरायचे. कुणब्याच्या घरची काकू असो, तांड्यावरची याडी, म्हणजे बंजाऱ्यांची आई, असो, बौद्धवाड्यातली नवी नवरी असो की आमच्यातली भाभी, सगळ्यांचे हात त्यांनी हातात धरून बांगड्या भरल्या. त्यांचा एक नेम होता. बाईनं रंग सांगितल्याशिवाय पेटीचा दुसरा कप्पा उघडायचा नाही. सासूनं सांगितलेला रंग ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि परत त्या पोरीकडे बघायचे. मी लहानपणी त्यांच्या मागं बसून हे पाहिलं, पण धंद्यात ते वापरायला मला फार उशीर झाला.

उशीर कसा झाला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे. अकरावीतली एक पोर होती. घरापासून फाट्यापर्यंत चार किलोमीटर सायकल आणि पुढं एसटी, असं रोजचं जाणं. तिची अम्मी कापड घेऊन आली, मामानं पाठवलं होतं. मी पोरीला बोलावलं नाही. अम्मीच्या बुरख्यावरून उंची धरली ५६ इंच, पोरीला लागत होती ५२. अंब्रेला कट केला, घेर नुसता वाहत होता, दिसायला सुंदर. तिसऱ्या दिवशी फाट्याच्या उतारावर तो घेर सायकलच्या चेनीत गेला. हनुवटी फुटली, दोन टाके पडले. घरचे म्हणाले, आता सायकल बंद. सायकल बंद म्हणजे कॉलेज बंद. पोर माझ्याकडे आली, तेलाचे काळे डाग पडलेला तो फाटका बुरखा तिनं माझ्या मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "चाची, तुमी मले इचारलंच नाई. मले घालायचाच होता. पण मले सायकलवरचा पायजे होता."

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. तिला मी फुकट दुसरा शिवून दिला, घरच्यांशी बोलायला तीनदा गेले, पण तिचं ते वर्ष गेलंच. तेव्हापासून माझ्या वहीत मापाच्या रकान्यांच्या पुढं आणखी एक रकाना आहे: "तिनं काय सांगितलं". तो रिकामा असेल तर मी कात्री लावत नाही. तुम्हीही वहीत तो रकाना आखा.

विचारायचं कसं

सोबत आलेल्या माणसाला बाहेर खुर्ची द्या, पाणी द्या आणि पडदा ओढा. माप घ्यायचं म्हटलं की कोणी हरकत घेत नाही. खांद्याचं माप घेताना बाई पाठमोरी असते, तुमचा टेप तिच्या पाठीवर असतो, तुमचा चेहरा तिला दिसत नाही. तेव्हा विचारा. समोरून विचारलं तर ती पडद्याकडे बघते. पाठमोरी असताना खरं सांगते.

"घालायचा आहे का" असं एकदम विचारू नका, परीक्षा घेतल्यासारखं होतं. "कुठं कुठं घालणार?" इथून सुरुवात करा. आमच्या गावात बऱ्याच बायका गल्लीत ओढणीवरच असतात. सगळं गाव नात्यातलं नाही तर ओळखीचं. बुरखा चढतो तो फाट्यावर एसटी यायच्या वेळी, यवतमाळला दवाखान्यात जायचं असेल, नात्यात लग्न असेल तेव्हा. अशा बाईला समोरून उघडणारा, बॅगेत घडी बसणारा बुरखा लागतो. रोज अंगणवाडीत जाणाऱ्या बाईला वेगळा लागतो. दूध पिणारं लेकरू असेल तर वेगळा. मग विचारा: कशावर बसून जाता, हात किती वर उचलावे लागतात, तोंडावर पाहिजे का, रंग काळाच पाहिजे का.

उत्तरं इतकी वेगवेगळी येतात की ऐकतच राहावं. एकीनं सांगितलं, "मी नमाजी हाव, अल्लाहसाठी घालते, मले कोणी म्हटलं नाई." तिचा नवरा उलट नको म्हणत होता. दुसरी म्हणाली, बुरखा असला की बाजारात कोणी दीर-जाऊ ओळखत नाही, निवांत फिरता येतं. तिसरीकडे बाहेर जायच्या दोनच साड्या होत्या. वरून बुरखा असला की आत काय घातलं ते कोणी बघत नाही, असं तिनं सांगितलं आणि मान खाली घातली. आणि काही जणी काहीच बोलत नाहीत. मी टेप गुंडाळेपर्यंत थांबते. मग हळूच येतं, "घरचे म्हणतात ना, म्हणून."

या शेवटच्या बाईचं काय करायचं, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. तिला भाषण देऊ नका, ती तुमच्याकडे शिवायला आली आहे. "मी शिवत नाही" म्हणून परत पाठवूही नका, दुसऱ्या दिवशी यवतमाळहून रेडिमेड येईल आणि तो तिच्या अंगाला कुठंच बसणार नाही. तिचं ओझं जितकं हलकं करता येईल तितकं करा. पातळ कापड, समोरून पूर्ण उघडणारा, काढला तर मुठीएवढी घडी होणारा. तिनं जे सांगितलं ते पडद्याच्या बाहेर जाऊ देऊ नका. आणि एवढंच म्हणा की नको वाटलं तर ये, मी उसवून दुसरं काही करून देईन. माझ्याकडे अशा बायका परत आलेल्या आहेत. काहींना तीन वर्षांनी धीर आला, आणि काहींना मधल्या काळात बुरख्याची मनापासून सवय झाली. दोन्ही ऐकायला मी तिथं होते, मला ते महत्त्वाचं वाटतं.

नऊ-दहा वर्षांच्या पोरींचा बुरखा मात्र मी शिवत नाही. नमाज-रोजा सुद्धा पोर बालिग झाल्यावरच, म्हणजे वयात आल्यावरच, फर्ज होतो, मग दोरीवरच्या उड्या मारायच्या वयात तिच्या पायात घेर कशाला? हे मी आयांच्या तोंडावर सांगते. काही रागावतात, पण कापड घेऊन जातात.

याच्या उलटही होतं आणि तिथंही माझा नेम तोच. बी.ए.ला असलेली एक मुलगी स्वतःहून हिजाब मागायला आली. मागून तिचे वडील आले, शिकलेले माणूस. म्हणाले, "आपा, हिला नोकरी लागायची आहे, हे शिवू नका." मी त्यांनाही बाहेर खुर्ची दिली. मुलीनं मला सांगितलं की मैत्रिणीचं पाहून नाही, सहा महिने विचार करून ठरवलं आहे. मी शिवला. वडिलांनी दोन महिने सलाम घेतला नाही.

लाज कुठं असते

माझी नानी नऊवारी लुगडं नेसायची. डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, पाच वक्ताची नमाज कधी चुकली नाही, आणि बुरखा तिनं आयुष्यात घातला नाही. शेतात निंदायला जाताना लुगड्याचा काष्टा घट्ट मारायची. माझी अम्मी पाचवारी साडी नेसायची आणि बाहेरगावी जाताना वरून चादर घ्यायची. मी सलवार-कमीज आणि ओढणी घालते, गावाबाहेर बुरखा. माझी मोठी मुलगी हिजाब घालते, धाकटी फक्त ओढणी. एका घरात पाच तऱ्हा, आणि आमच्यात यावरून भांडण नाही. दुसऱ्या घरांत आहे, हेही खरं.

दुकानातल्या बाकावर कधी कधी सगळ्या एकत्र बसतात. कुणब्याची काकू सासऱ्याचा आवाज ऐकला की पदर पुढं ओढते, माहेरी गेली की तोच पदर खांद्यावर असतो. तांड्यावरच्या म्हाताऱ्या याडीच्या कांचळीची पाठ उघडी, दोऱ्यांनी बांधलेली, पण वडीलधारा माणूस समोर आला की आरशांची ओढणी हनुवटीपर्यंत येते. आमच्या भाभीला पाठ उघडी ठेवायची कल्पनाच सहन होत नाही, आणि याडीला वाटतं की डोळे सोडून सगळं झाकलेल्या बाईशी बोलायचं तरी कसं. दोघी एकमेकींच्या शिलाईला हात लावून बघतात. लाज प्रत्येकीची वेगळ्या जागी असते. ती जागा शिंप्याला कळलीच पाहिजे, कारण गळा किती खोल आणि बाही किती लांब हे त्यावरून ठरतं.

कापूस वेचायच्या दिवसांत तर शेतातली बाई कोणत्या जातीची ते लांबून ओळखू येत नाही. अंगात नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट, डोकं-तोंड रुमालानं बांधलेलं, कमरेला ओटी. आमच्यातल्या बायकाही अशाच जातात, बुरखा घालून कोणी कापूस वेचत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा दारव्ह्याच्या रस्त्यावर स्कूटीवरची प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं बांधून असते. तिला कोणी थांबवून कारण विचारत नाही. मग बुरखेवालीला पहिलाच प्रश्न "बाई, तुले गरमी नाई होत काय वं?" असा का? होते ना गरमी. आपल्या गावात सगळ्यांनाच होते. हिंदू घरातल्या ज्या बहिणी शिवणकाम करतात त्यांना माझं सांगणं आहे, हा प्रश्न विचारायचाच तर कापड निवडताना विचारा. तेव्हा त्याचा उपयोग होतो.

मसला, म्हणजे धर्माचा नियम, सांगणं आलिमांचं, धर्म शिकलेल्यांचं, काम आहे. पण घरातले पुरुष कुराणाचं नाव घेऊन माझ्या कात्रीला हुकूम देतात तेव्हा मला जे वाचून माहीत आहे ते मी सांगते. सूरह नूरच्या ३०व्या आयतीत नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितलं आहे, बायकांची आयत त्यानंतरची, ३१वी. अंगावर चादर ओढून घ्यायचं सूरह अहजाबच्या ५९व्या आयतीत आहे. चेहरा झाकायलाच पाहिजे की नाही यावर उलेमांत जुना मतभेद आहे, आणि हजच्या एहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या त्या खास अवस्थेत, बाईनं नकाब बांधू नये असं हदीसमध्येच, पैगंबरांच्या वचनांतच, आहे. एवढं ऐकल्यावर "बरं, तिला काय पाहिजे ते करा" असं म्हणणारे पुष्कळ निघतात.

आणि जे समजतात की जबरदस्ती फक्त घालायला लावण्याची असते, त्यांना मी इराणचं सांगते. तिथं १९३६ साली राजानं पडद्यावर बंदी घातली, पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरच्या चादरी ओढायचे. कितीतरी बायकांनी घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं. १९७९ची क्रांती झाली आणि काही वर्षांत त्याच देशात डोकं झाकण्याची सक्ती कायद्यानं आली. सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची मुलगी नीट झाकलं नाही म्हणून पकडली गेली आणि पोलिसांच्या ताब्यात कोसळली, नंतर दवाखान्यात मरण पावली. एका पिढीच्या डोक्यावरचं ओढलं, दुसरीच्या डोक्यावर लादलं. दोन्ही वेळा बाईला कोणी विचारलं नाही. अकरावीतल्या त्या पोरीचं वाक्य मला तिथंही ऐकू येतं.

कापड

नागपूरच्या इतवारीतून किंवा यवतमाळहून जे काळं कापड येतं त्यात निदा सगळ्यात जास्त चालतं. पडतं छान, चुरगळत नाही, पण ते पॉलिस्टर आहे, घाम शोषत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्या बाईला उन्हाळ्यासाठी मी सुती किंवा रेयॉन सुचवते, आणि काळ्याऐवजी राखी, मेंदी, गडद निळा. काळा रंग ऊन धरतो. रंग काळाच असला पाहिजे असं बंधन नाही, हे सांगितल्यावर कितीतरी बायकांचे चेहरे खुलतात. कोणी काळाच म्हणाली तर काळाच, फक्त सैल शिवा, आत हवा खेळू द्या.

दुकानदार सुती म्हणून काहीही देतो. कडेचा एक धागा काढून काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. नकाबाचं कापड घ्यायचं असेल तर दुहेरी करून स्वतःच्या तोंडावर धरा आणि एक मिनिटभर भराभर श्वास घ्या, जिना चढल्यासारखा. तुम्हाला जड गेलं तर तिलाही जाणार. दुकानदाराला विचित्र वाटलं तरी हे करा.

५८ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर ५४ उंचीच्या साध्या ए-लाइन, म्हणजे वरून खाली रुंदावत जाणाऱ्या, बुरख्याला सव्वातीन मीटर पुरतं. पुढची आणि मागची अशा दोन लांब्या, बाह्या बाजूच्या उरलेल्या पट्टीत निघतात. सुती कापड ४४ पन्ह्याचं मिळालं तर चार मीटर घ्या. अंब्रेला कटला साडेचार ते पाच मीटर जातं, आणि ते जमिनीवर चालणाऱ्या बाईलाच द्या. सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, नाही तर पहिल्या धुण्यात दोन इंच वर जातं. काळं असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीनं घासून रंग सुटतो का बघा.

कापताना आणि शिवताना

उंचीचं माप ती ज्या चपला घालून फिरते त्या चपलांवर घ्या. चालत जाणारीला जमिनीपासून चार बोटं वर, सायकलवालीला घोट्याच्याही वर. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला धरते, बुरख्याचा काठ तिच्यात भिजला की पाव किलोनं जड होतो. छातीच्या मापात सहा ते आठ इंच ढिलाई सोडा. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, खोल ठेवा, एसटीत वरचा दांडा धरायचा असतो. निदा किंवा जॉर्जेटला ११ नंबरची सुई लावा, जाड सुई लावली तर भोकं पडतात आणि शिलाई चुणते.

सायकलवरचा बुरखा कसा करायचा ते नीट सांगते, कारण हा आमच्याकडं कुठं रेडिमेड मिळत नाही. सायकलची चेन उजव्या बाजूला असते. म्हणून उजव्या बाजूच्या शिलाईत, काठापासून वर १४ इंच, चीर ठेवा. चिरीच्या मागून त्याच कापडाची एक कळी चुण्या घालून लावा, म्हणजे पेडल मारताना चीर उघडते पण पाय दिसत नाही. काठाच्या आतल्या बाजूला एक नाका, म्हणजे बटण अडकवायचा फास, शिवा, आणि त्याच्या सरळ रेषेत दहा इंच वर, आतूनच, एक बटण. सायकलवर बसताना नाका बटणात अडकवला की उजवा काठ उचलला जातो आणि चेनीपासून दूर राहतो. कॉलेजच्या फाटकात उतरल्यावर सोडला की पुन्हा पूर्ण बुरखा. बटण चपटं घ्या, गोल घेतलं तर मांडीला टोचतं. शिलाई दुहेरी मारा, रोज चार वेळा ताण पडतो. हा नाका मी पहिल्यांदा त्याच पोरीसाठी लावला. आता आमच्या भागातल्या किती पोरी तो मागतात, मी मोजलेलं नाही.

मोटरसायकलवर मागं एका बाजूला बसणारीला वेगळं सांगा: काठ मांडीखाली दाबून बसायचं, आणि गाडीला साडी गार्ड आहे का हे नवऱ्याला विचारायचं. बऱ्याच जणांनी तो काढून टाकलेला असतो.

बाहीच्या टोकाला घट्ट इलास्टिक घालू नका. नमाजआधी वजू करताना हात कोपरापर्यंत धुवायचे असतात, बाही कोपरावर जायलाच पाहिजे. मनगटापासून पाच इंच उघडी ठेवून दोन टिच बटणं लावा. हे न केल्यामुळे ओल्या बाह्या घेऊन नमाजला उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दूध पाजणारीला छातीवर दोन उभ्या शिलायांत सात-सात इंचांच्या लपत्या चेनी द्या. आणि खिसा. प्रत्येकीला खिसा द्या, मागितला नाही तरी. उजव्या हाताला, सात इंच खोल, मोबाइल आणि एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे सुटे पैसे मावतील एवढा. स्वतःचा खिसा आयुष्यात पहिल्यांदा मिळालेल्या बायका आहेत. शिवून दिल्यावर त्या आधी त्यातच हात घालतात.

हिजाब, शाळा आणि परीक्षा

नुसता हिजाब शिवायला सोपा. ५८ पन्ह्याच्या दोन मीटर कापडातून लांबीच्या दिशेनं दोन ओढण्या निघतात, चारी बाजूंनी बारीक दुमड मारा. शाळेसाठी गणवेशाच्या रंगाचं कापड घ्या. मुली खेळतात, पळतात, म्हणून टाचणीचा हिजाब नको. डोक्याचा घेर मोजून, हनुवटीखाली बंद आणि वरून घालता येईल असा शिवा. नीटसारख्या परीक्षेत पारंपरिक पोशाख घालून येणाऱ्यांना झडतीसाठी लवकर पोहोचायला सांगितलेलं असतं, धातूची टाचणी तिथं उगाच अडचण करते. २०१६ साली केरळच्या हायकोर्टानं मुलींना हिजाब घालून वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसू दिलं ते याच अटीवर की आधी येऊन तपासणी करून घ्यायची. हॉल तिकिटावरच्या सूचना आधी वाचून या, असं प्रत्येक आईला सांगा.

"आपल्याकडं बंदी झाली काय?" हे दर वर्षी जूनमध्ये विचारलं जातं. कर्नाटकात सरकारनं फेब्रुवारी २०२२मध्ये शाळा-कॉलेजात हिजाब बंद करणारा आदेश काढला, १५ मार्च २०२२ला तिथल्या हायकोर्टानं तो कायम ठेवला, आणि १३ ऑक्टोबर २०२२ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली. एकानं आदेश बरोबर म्हटला. दुसऱ्यानं म्हटलं की हा मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि तिचं शिक्षण महत्त्वाचं. आपल्या राज्यात मुंबईतल्या एका कॉलेजच्या बंदीविरुद्ध मुली कोर्टात गेल्या. जून २०२४मध्ये हायकोर्टानं त्यांची याचिका फेटाळली, पण ९ ऑगस्ट २०२४ला सुप्रीम कोर्टानं हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा मात्र त्या आदेशातही चालत नाही. म्हणून मी कॉलेजच्या मुलींना समोरून उघडणारा बुरखा आणि वेगळा हिजाब असे दोन कपडे देते. फाटकापर्यंत बुरखा, वर्गात हिजाब, ज्यांना पाहिजे त्यांना. कपड्यामुळे पोर घरी बसता कामा नये. ना घरच्यांच्या हट्टानं, ना शाळेच्या.

आधारच्या फोटोत चेहरा उघडा लागतो, डोक्यावरची ओढणी चालते. मतदानाला नकाबवालीची ओळख बाई कर्मचाऱ्याकडून पटवून घेता येते, लाजून घरी राहू नका.

घालून बघताना

तयार बुरखा घडी करून पिशवीत देऊ नका. तिला घालायला लावा. दोन्ही हात वर करायला सांगा, उकिडवं बसायला सांगा, सज्द्यात जायला सांगा. डोकं टेकताना गळा मागून ओढला गेला तर मागची उंची कमी पडली आहे, उसवा. नकाब असेल तर बांधून पाणी प्यायला द्या. चष्मा असेल तर नकाबाचा पट्टा कानावरून नेऊ नका, मागं डोक्याला गाठ येईल असा करा. माझ्या दारासमोर सायकल उभी असते, सायकलवालीला गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायला लावते. मुली लाजतात, पण जातात.

काठात दोन इंच आणि बाजूच्या शिलायांत एक-एक इंच कापड सोडून ठेवा. वाढत्या पोरीला पुढच्या वर्षी लागतं. आणि एखादी तो बुरखा घेऊन परत आली, आता नाही घालायचा म्हणाली, तर याच मार्जिनवर काम होतं. काठापासून उसवत वर या, कात्रीनं कापत येऊ नका, कापड वाया जातं. ५४ उंचीच्या ए-लाइनमधून ४० उंचीची कुर्ती निघते, खालच्या १४ इंचांच्या गोल पट्टीतून लहान पोरीचा फ्रॉक. खिसा तसाच ठेवा, कुर्तीलाही शोभतो. जुनी शिलाई जिथं होती तिथं भोकांची रेघ दिसते. त्यावर ओला रुमाल ठेवून मध्यम इस्त्री फिरवा आणि कापड गरम असतानाच नखानं हलकं घासा, रेघ बसते.